एक दिवसाचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते मनावर घेत नाहीत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे. नाव तेवढं बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालं. म्हणजे कागदोपत्री हे राज्य दारूबंदीचं, आणि पिणारा प्रत्येक जण सरकारी सवलतीवर पिणारा. वर्षाचा परवाना शंभर रुपयांना, आजन्म परवाना हजाराला. तो कशासाठी द्यायचा, हेही ठरलेलं आहे: प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! ज्याला इतकाही व्याप नको त्याला एक दिवसाचा परवाना मिळतो. देशीला दोन रुपये, विदेशीला पाच.

३१ डिसेंबर जवळ आला की या एक दिवसाच्या परवान्यांचे गठ्ठे दुकानांत आणि परमिट रूममध्ये येऊन पडतात. गेली काही वर्षं सरकार त्या रात्रीपुरती वेळही वाढवून देतं, परमिट रूमना पार पहाटे पाचपर्यंत. आणि त्याच रात्री बारा वाजायच्या बेताला, ग्लासात बर्फ टाकता टाकता कुणीतरी जाहीर करतो, "ही शेवटची. उद्यापासून बंद."

तो खोटं बोलत नसतो. या लेखासाठी ज्या पिणाऱ्यांशी आणि पिणं सुटलेल्यांशी बोललो, त्यांच्यात मनापासून कधी सोडायचं ठरवलंच नाही असा एकही भेटला नाही. कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली, कुणी अंगारा लावून, कुणी वडिलांच्या दहाव्याला. पिणारा माणूस निश्चयाला कच्चा असतो असं आपण समजतो. खरं तर निश्चय करण्यात त्याच्याइतका सराव कुणालाच नसतो. उणीव दुसरीकडेच असते, आणि एक जानेवारीच्या सकाळी तिची चौकशी कुणी करत नाही.

पुण्याच्या एका उपनगरात हमरस्त्यावर वाईन शॉप आहे. तिथे काउंटरवर उभा राहणारा तरुण पोरगा मला जानेवारीचं गणित सांगत होता. "एकतीसला 'उद्यापासून बंद' म्हणणारे डबल नेतात साहेब. शेवटचं म्हणून. मग एक-दोन तारखेला गल्ला बसतो. संक्रांत झाली की नेहमीचे चेहरे परत. आधी क्वार्टर मागतात, खाली बघून. आठवड्यानं खंबा." त्यातलं 'खाली बघून' त्याने पुन्हा एकदा सांगितलं. गिऱ्हाइकाची लाज त्याच्या नजरेतून सुटत नाही. धंद्याच्या दृष्टीने तिला काही किंमत नाही एवढंच.

इंग्रजी नववर्षाचं हे प्रकरण आपल्याकडे नंतर आलं. त्याच्या किती तरी आधीपासून मराठी माणूस वर्षातून एकदा ठरवून दारू सोडत आला आहे. आषाढातल्या अमावास्येला दिव्यांची पूजा करायची असते, पण त्या दिवसाला गटारी म्हणूनच जास्त लोक ओळखतात, कारण दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. त्या रात्री मटण-चिकनच्या दुकानांपुढे आणि वाईन शॉपपुढे सारखीच रांग असते. मग महिनाभर बंद. काहींचं गणपती उठेपर्यंत बंद, फारच कडक असतील तर चातुर्मासभर. रचना बघा: सोडण्याच्या आदल्या रात्री पोटभर, मग ठरावीक मुदतीचा उपास, आणि मुदत संपली की पारणं. एकतीस डिसेंबरने हीच रचना उचलली, फक्त मुदतीच्या जागी 'कायमचं' असा शब्द घातला.

सहकारी बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ भेटले. वयाने पन्नाशीचे, कित्येक वर्षं श्रावण पाळणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मला व्यसन असतं तर महिना राहिलो असतो का? एक थेंब घेत नाही. मिसेसना विचारा." मिसेस आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "श्रावणात घरात कुणी यांच्याशी बोलायची सोय नसते. आम्हीच वाट बघतो कधी संपतोय." दोघंही हसले. मी पुढे विचारलं नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात बरीच वर्षं समुपदेशन करणाऱ्या एका ताईंना मी हा किस्सा सांगितला तर त्यांनी मान डोलावली. असे 'श्रावणी' लोक त्यांच्याकडे नेहमी येतात म्हणे, आणि ते सर्वांत उशिरा येतात. दर वर्षीचा तो कोरडा महिना त्यांच्या हातात प्रमाणपत्र देऊन जातो. "श्रावण कधी संपणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं," ताई म्हणाल्या. "एकतिसाव्या दिवशी मिळणार हे माहीत असलं की तीस दिवस काढता येतात. त्याला सोडणं म्हणत नाहीत, थांबणं म्हणतात."

आपल्याकडे याच्या उलटही एक जुनी वाट आहे, तिच्याकडे शिकल्यासवरल्यांचं फारसं लक्ष जात नाही. गावात एखाद्याने तुळशीची माळ घातली की त्याचं मटण सुटतं आणि दारूही सुटते. त्यात शपथेचा भाग आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. माळ घातली की संध्याकाळ बदलते. दिवेलागणीला, म्हणजे नेमकं ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे त्या वेळी, देवळात हरिपाठ असतो. सोबतीला टाळ घेऊन उभी राहणारी माणसं बदलतात. वर्षातून एकदा वारी असते, दर पंधरा दिवसांनी एकादशी असते, आणि साऱ्या गावाला दिसेल अशी खूण गळ्यात असते. माळ खुंटीला अडकवून प्यायला जाणारे महाभागही प्रत्येक गावात सापडतात, त्यांच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. तरीही ज्यांची टिकली त्यांची का टिकली, याचं उत्तर मला शपथेपेक्षा त्या संध्याकाळच्या हरिपाठात जास्त दिसतं.

परदेशात जानेवारी कोरडा ठेवण्याची चाल आता जोरात आहे. फिनलंडने १९४२ मध्ये, ऐन युद्धात, तसा महिना पाळायचं आवाहन केलं होतं. ब्रिटनमध्ये २०१३ साली एका संस्थेने 'ड्राय जानेवारी' सुरू केला तेव्हा चारेक हजार लोकांनी नावं नोंदवली. आज तो तिथल्या कॅलेंडरचा भाग झाला आहे. ससेक्स विद्यापीठातले रिचर्ड डी व्हिसर यांनी भाग घेणाऱ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा सहा महिन्यांनंतरही बरेच जण आधीपेक्षा कमी पीत होते. ज्यांचा महिना अर्ध्यावर मोडला होता त्यांच्यातही थोडा फरक दिसला. मला हे पटतं. आठवड्यातून दोन-तीनदा घेणाऱ्याला महिनाभर न घेतल्यावर झोप कशी लागते, वजन आणि रक्तदाब कुठे जातात, खिशात किती उरतात हे कळलं तर चांगलंच आहे. त्यात जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगून टाकलं की दारूचं 'सुरक्षित' असं प्रमाण नाही.

संकल्पांचा अभ्यासही कमी झालेला नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्यांचा दोन वर्षं माग काढला. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनंतर १९. स्वीडनमध्ये हजारावर लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात 'अमुक करीन' म्हणणारे ५९ टक्क्यांच्या आसपास यशस्वी ठरले, 'तमुक सोडीन' म्हणणारे ४७ टक्के. दारूचा संकल्प जवळजवळ नेहमीच दुसऱ्या जातीचा असतो. काय सोडायचं ते ठरलेलं असतं, सात वाजता त्या जागी काय करायचं ते ठरलेलं नसतं.

पण हे आकडे ज्यांच्या हातात निवड शिल्लक आहे त्यांच्याविषयीचे आहेत. शिल्लक आहे की नाही हे कसं ओळखायचं? जॉन इविंग या अमेरिकन डॉक्टरांनी त्यासाठी चार साधे प्रश्न रूढ केले, ते आजही जगभर विचारले जातात. कमी करायला हवी असं तुम्हाला कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं तर राग आला का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? आणि सकाळी उठल्यावर, हात-पाय ठिकाणावर आणायला, पहिली गोष्ट म्हणून कधी घेतली का? पहिल्या तिन्हींना 'हो' म्हणणारे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत निघतील. चौथा प्रश्न वेगळा आहे. ज्याला सकाळी उतारा लागतो, त्याने एक जानेवारीला निव्वळ मनाच्या जोरावर सोडायला जाऊ नये.

हे वाक्य दिवाळी अंकात विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगतो. दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज, वर्षानुवर्षं पडत राहिली की मेंदू आपला वेग वाढवून तोल सांभाळायला शिकतो. मग एका सकाळी दारू अचानक बंद झाली, तर उरतो तो वाढवलेला वेग. सहा ते बारा तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भास सुरू होतात: भिंतीवर किडे चालतात, मेलेली माणसं दारात उभी दिसतात, आपण कुठे आहोत कळत नाही, ताप चढतो, नाडी धावते. उपचार झाले नाहीत तर माणूस यात दगावतो.

आता हे तीन-चार दिवस कॅलेंडरवर मांडा. एकतीसच्या रात्री शपथ, एकला थरथर, दोनला फिट, तीन-चारला भास. घरच्यांनी नवस बोलून ठेवलेला असतो, माणसाने खरंच बाटलीला हात लावलेला नसतो, आणि त्याला घरात कुणीतरी अनोळखी माणसं दिसायला लागतात. बाहेरचं काहीतरी झालं असा निष्कर्ष निघतो. देवऋषी येतो, लिंबू उतरवलं जातं, कुणीतरी शहाणा सांगतो, थोडी पाजा, शांत होईल. पाजल्यावर तो शांत होतोही! मग सगळ्या घराची खात्री पटते की याला दारूशिवाय जगता येणार नाही. सोडायचा इतका प्रामाणिक प्रयत्न अशा तऱ्हेने पिण्याच्या बाजूचा पुरावा होऊन बसतो.

खरं तर हे दिवस दवाखान्यात फार त्रास न होता काढता येतात. क्लोरडायाझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध मापात देऊन काही दिवसांत उतरवत न्यायचं, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व द्यायचं, आणि तेही ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे होऊ शकतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पण तिथपर्यंत पोचतं कोण? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं मोठं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो. उरलेल्या सदतिसांना आपण इच्छाशक्तीवर व्याख्यान देतो.

किंवा पुडी देतो. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, छोट्या जाहिरातींच्या पानावर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' हे आश्वासन वर्षानुवर्षं छापलं जातंय. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४० च्या दशकात तिचा उपयोग ओळखला. ती घेतलेली असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती घेणाऱ्याला माहीत असेल, डॉक्टरांची देखरेख असेल, तर काहींना तिचा चांगला आधार होतो. वरणात कालवून दिली तर जिवावर बेतू शकते. बायका हे करतात ते किती हताश होऊन करतात, हे समजतं. पुडी विकणाऱ्याला मात्र माफी नाही.

सकाळच्या उताऱ्यावरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ज्याला आपल्याकडेही सगळे 'एए' म्हणतात, तिचा स्थापना दिवस १० जून १९३५ धरतात. अमेरिकेतल्या ॲक्रन गावचे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ त्या दिवशी शेवटचं प्यायले. त्यांना सकाळी ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होते. तेव्हा त्यांना सोडायला मदत करणाऱ्या बिल विल्सनने स्वतः बिअरची बाटली त्यांच्या हातात दिली, हात स्थिर व्हावेत म्हणून. तो शेवटचा घोट ठरला. व्यसनमुक्तीच्या इतिहासातला हा प्रसंग मला आवडतो, कारण त्यात शौर्याचा आव नाही.

बिल विल्सन शपथांच्या बाबतीतही आपल्या माणसांपेक्षा वेगळा नव्हता. शेअर बाजारात वावरणारा हा न्यूयॉर्कचा गृहस्थ १९२८ च्या सुमारास घरातल्या बायबलच्या पानावर बायकोला लिहून देत असे की आता कायमची संपली. एकदा लिहून भागलं नाही, पुन्हा लिहिलं, पुढच्या जानेवारीत पुन्हा. त्याची सुटली ती डिसेंबर १९३४ मध्ये, हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. आणि सुटलेली टिकवायची तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहायला हवं, हे त्याला ॲक्रनमध्ये उमगलं. बायबलमधल्या त्या 'कायमची'ची जागा मग एएमध्ये 'आजचा दिवस' या दोन शब्दांनी घेतली. चोवीस तास न पिण्याचं बघायचं, उद्याचं उद्या.

अशा मीटिंगा आता आपल्याकडे शहरांत आणि तालुक्याच्या गावीही भरतात. मी गेलो ती खुली मीटिंग होती, म्हणजे बाहेरच्यांना बसू देतात अशी. शाळेचा वर्ग, खालच्या इयत्तेचा, त्यामुळे बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली. फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच. एक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो, सगळे एका सुरात नमस्कार करतात, आणि तो बोलायला लागतो. कुणी मध्ये सल्ला देत नाही. मला वाटलं होतं रडारड असेल. हशा इतका होता की शेजारच्या क्लासवाल्यांनी डोकावून पाहिलं. एक जण सांगत होता, "मी दर एक जानेवारीला सोडायचो. गुढीपाडव्याला सोडायचो. पोराच्या बारशाला सोडली, त्याच्याच पार्टीत धरली. सोडायचं मला एवढं जमायला लागलं होतं की विचारू नका." पुढच्या बाकावरचे काका डोळे पुसत हसत होते. ते कापडाच्या दुकानात कामाला होते, आता निवृत्त.

काकांशी नंतर चहावर बोललो. इतक्या वर्षांनी 'आजचा दिवस' म्हणणं म्हणजे नुसती रीत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कायमचं म्हटलं की डोक्यात लगेच पोरीचं लग्न येतं. तिच्या लग्नात व्याही आग्रह करतील तेव्हा काय करायचं? पोरगी तेव्हा चौथीत. आता तिच्या लग्नाची काळजी मी आज रात्री कशाला करू? आज रात्री जेवून झोपायचं. एवढंच काम."

महाराष्ट्रात या कामाला आकार देणारी मोठी नावं आहेत. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चच्या आधाराने 'कृपा' सुरू केली. पुण्यात गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेल्या लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक पाठबळ दिलं, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभं केलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. काम पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर चालवत आली आहे. स्त्रियांसाठी तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. त्याची गरज किती लपलेली आहे बघा: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १३.९ टक्के पुरुषांनी आपण पितो असं सांगितलं, बायकांमध्ये ०.४ टक्के. बाईचं पिणं घराच्या आत राहतं आणि तिचा संकल्पही. तिला एकतीसच्या रात्री जाहीर करायला मित्रमंडळ नसतं.

एकतीसलाच अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि साताऱ्याच्या 'परिवर्तन'सारख्या संस्थांचे कार्यकर्ते चौकात उभे राहून मसाला दूध वाटतात. 'द' दारूचा नव्हे, 'द' दुधाचा, अशी त्यांची घोषणा आहे. तिची टिंगल करणं सोपं आहे. पण थंडीत रात्री अकराला चौकात उभं राहायला, हातात गरम पेला धरायला आणि चार माणसांशी बोलायला एक जागा ते निर्माण करतात. ज्याचा पहिलाच न पिण्याचा एकतीस डिसेंबर असतो त्याला घोषणा नाही, ती जागा उपयोगी पडते. त्या रात्री त्याच्या ओळखीचे बाकी सगळे कुठेतरी 'बसलेले' असतात.

हे 'बसणं' ही खरी अडचण आहे. पिणं सुटलेल्या जवळपास प्रत्येकाने मला सांगितलं की दारूची आठवण महिन्या-दोन महिन्यांत बोथट झाली, बसण्याची झाली नाही. मराठी पुरुषाला मित्राशी मनातलं बोलायला दुसरी जागाच आपण ठेवलेली नाही. नोकरी गेली, बसू. बढती मिळाली, बसू. बाप गेला, तेरावं झाल्यावर बसू. 'बसायचं का?' या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस दारूला नाही म्हणत नसतो, तो त्या सगळ्या बोलण्यातून उठून जात असतो. नाटककार गडकऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. 'एकच प्याला' ते गेल्यावर, १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातली तळीरामाची विनोदी मंडळी आपल्याला लक्षात राहतात. पण नायक सुधाकर दारू खरंच सोडतो, हे आपण विसरतो. सोडतो आणि कामाच्या शोधात बाहेर पडतो. दारुड्या म्हणून जिथे तिथे अपमान होतो, आणि मग तो पुन्हा पेल्याकडे येतो. सोडलेल्या माणसाला समाज दुसऱ्या दिवशी कसं वागवतो, यावर नाटकाची सगळी उतरण उभी आहे.

टिकलेल्यांच्या युक्त्या ऐकल्या तर त्यात तत्त्वज्ञान कमी आणि वेळापत्रक जास्त. एक रिक्षावाले दादा संध्याकाळी सातच्या आत पोटभर जेवून घेतात. भरल्या पोटी दारू सुचत नाही म्हणतात. कारखान्यातल्या एका फिटरने घरी जायचा रस्ता बदलला, दोन किलोमीटर जास्त पडतात. कुणी खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवतो. कुणी पगाराच्या दिवशी भावाला गेटवर बोलावतो. एएवाले भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांवर नजर ठेवायला शिकवतात. त्यातले दोन एकदम आले की फोन करायचा, कुणाला ते आधीच ठरलेलं. आणि लग्नाच्या वरातीत? फिटर म्हणाला, "वरातीत मी घोड्याचा लगाम धरतो. दोन्ही हात गुंततात."

बायकांनी एकत्र येऊन केलेल्या संकल्पांचाही एक इतिहास आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर गावातलं दुकान बंद होतं. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दुकान लांब गेलं की पिणं कमी होतं यात मला शंका नाही, आणि चोरटी दारू येते यातही नाही. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. इथे एवढंच, की ज्या गावात बाटली आडवी झाली तिथेही आधीच जडलेल्या माणसाला उपचार द्यावे लागतात, आणि ती तरतूद मतपत्रिकेवर नसते.

घराकडे येऊ. पिणं सुटलं की घरात आनंदीआनंद होतो असं सिनेमात दिसतं. साताऱ्याकडच्या एका वहिनींनी मला पहिल्या वर्षाचं जे वर्णन केलं त्यात आनंद कमीच होता. नवरा दारू पिऊन यायचा तेव्हा घरचे सगळे निर्णय त्या घेत होत्या: शाळेची फी, भिशी, दिरांशी जमिनीचा वाद, गॅस कधी बुक करायचा. तो शुद्धीवर आला आणि प्रत्येक गोष्टीत बोलायला लागला. "आधी म्हणायचे, तुला काय करायचं ते कर. आता विचारतात, हे दोनशे कुठं गेले? मला वाटायचं, पीत होता तेच बरं होतं. असं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा." रोज संध्याकाळी तो दारात आला की त्यांचं नाक आपोआप पुढे व्हायचं. वास नसला तरी त्या म्हणायच्या, "हा करा." तो करायचा. एके दिवशी त्याने केलं नाही, भांड्यांचा रॅक खाली आला, आणि नंतर कळलं की त्या दिवशीही तो प्यायलेला नव्हता.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. बिल विल्सनच्या बायकोने, लॉइसने, १९५१ मध्ये त्यांची सुरुवात केली. तिथे सांगतात की त्याचं पिणं तुमच्यामुळे नाही, तुमच्या हातात नाही आणि ते बरं करणं तुमचं काम नाही. वहिनी तिथे काही महिने गेल्या. पहिल्या दोन गोष्टी पटल्या, तिसरी अजून पटलेली नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. नवऱ्याने मधल्या काळात एकदा घेतलीही होती, चुलतभावाच्या हळदीला. पूर्वी असं झालं की 'आता मोडलीच' म्हणून महिनाभर चालायचं. या वेळी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपमधल्या माणसाला फोन केला, आणि त्या रात्री मीटिंगला जाऊन सांगितलं. वहिनींना हे कळलं ते त्या माणसाच्या बायकोकडून. त्यांना घेतल्याचा जितका राग आला त्याहून जास्त, आधी परक्याला सांगितलं याचा आला.

मी निघताना सहज विचारलं, पुढच्या एकतीसला काय बेत. काही नाही, म्हणाल्या. ते मीटिंगला जातील, मी पोरांना घेऊन माहेरी. घरात बिर्याणी करायचा विचार होता पण बिर्याणी म्हटलं की त्यांना जुनं आठवतं, म्हणून पुरणपोळी. नवऱ्याचं एटीएम कार्ड अजून त्यांच्याच पर्समध्ये असतं. परत कधी देणार, असं विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला.

"त्यांनी मागितलं नाही अजून. मागितलं की भांडण होईल. ते झालं की बघू."